सहा चाकांची बाबागाडी

संपदाने ती मागणी केली तेव्हा मी चहात बिस्किट बुडवून बसलो होतो. मागणी इतकी साधी होती की मी बिस्किटावरची नजर न काढता 'हो' म्हणून टाकलं. तिला आमच्या तिन्ही मुलांना घेऊन जॉगिंग ट्रॅकवर जायचं होतं.

"तिघांना एकदम?" मी थोड्या वेळाने विचारलं. तोवर बिस्किट कपाच्या तळाशी गेलं होतं.

"एकदम. आणि मी नेणार. वरात नको."

वरात म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्हाला तिळं आहे. विहंग, धवल आणि आभा. तिघंही आठ महिन्यांची, आणि तिघांचीही तब्येत देवाच्या दयेने अशी की उचलणाऱ्याची कंबर धरावी. तीन मुलं बाहेर न्यायला तीन माणसं लागतात असं ज्याला वाटतं, त्याला तिळं झालेलं नसतं. तीन माणसं मुलं धरायला लागतात हे खरं, पण चौथं दुपट्यांची पिशवी धरायला लागतं, पाचवं लिफ्टचं दार धरायला, आणि सहावं घरी राहिलेली दुधाची बाटली आणायला परत वर जायला. मागे आम्ही असेच सगळे लस टोचायला निघालो, तेव्हा वॉचमनने अदबीने गेट उघडून विचारलं होतं, "साहेब, साखरपुडा कुणाकडं?"

त्यामुळे संपदा एकेका मुलाला घेऊन खाली जायची. विहंगला नेलं की वर धवल रडायचा, धवलला नेलं की आभा. रस्त्यात भेटणारी माणसं कडेवरच्या एकाच मुलाचं कौतुक करायची, आणि हिचं अर्धं लक्ष वरच्या मजल्यावर.

"सगळ्यांनी नुसतं ऐकलंय, की मला तीन आहेत," ती म्हणाली. "एकदा बघू दे लोकांना. आणि मुलांनाही कळू दे, गंगापूर रोडला राहतो म्हणजे कुठे राहतो ते."

यात अवघड काय होतं? तिघांची बाबागाडी आणायची, मुलं ठेवायची, निघायचं. मी त्याच संध्याकाळी संपदाला घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने जुळ्यांची गाडी दाखवली आणि म्हणाला, "तिसरं कडेवर घ्यायचं."

"मग गाडी कोण ढकलणार?"

"मिस्टर असतात ना."

संपदा शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "मिस्टर दिवसभर ओझरच्या कारखान्यात असतात." तिथला विषय संपला.

ऑनलाइन एक तिघांची गाडी सापडली. फोटोत तीन मुलं शेजारी शेजारी बसलेली, तिघंही गोरी आणि हसरी. मापं बघितली तर ती आमच्या इमारतीच्या दारातून आत आली नसती. ती आत आणायची तर भिंत पाडावी लागली असती, आणि भिंत पाडायची तर समाधानभाऊंची परवानगी लागली असती. समाधानभाऊ अहिरे हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीचा रंगसुद्धा त्यांनी ठरवून दिलेला आहे. भिंतीचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

तेव्हा मी म्हणालो, "मीच बनवतो."

संपदाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्याच नजरेने ती मी स्वयंपाकघरात शिरलो की बघते.

इथे माझ्याबद्दल दोन शब्द. मी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो. गेली कितीतरी वर्षं मी हे काम इमानाने करतोय, आणि या सगळ्या काळात मी स्वतःच्या हाताने एक स्टूलसुद्धा बनवलेलं नाही. पण विमानं बघून बघून माणसाच्या मनात एक विश्वास तयार होतो. जे आकाशात उडतं ते आपल्याला समजतं, मग जे जमिनीवरच चालायचं आहे त्यात काय आहे, असं वाटायला लागतं.

बातमी जिन्याने वर गेली आणि लिफ्टने खाली आली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जुन्या नऊवारीच्या तीन झोळ्या करायला सांगितलं. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी सेकंडहँड ई-रिक्षा घ्या म्हणून सुचवलं, वर फावल्या वेळात ती भाड्याने लावता येईल हेही समजावलं. एक बाई तर फार सहानुभूतीने म्हणाल्या, "एकाला घरी ठेवलं तर नाही का चालणार?" कोणाला, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या नानांचा सल्ला वेगळाच होता. नाना म्हणजे माझे वडील. नाशिक-वणी रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली. त्यांच्या दृष्टीने जगात दोन प्रकारची माणसं असतात, एक ड्रायव्हर आणि बाकीचे पॅसेंजर. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो.

"गाडी कशीबी बनव," नाना म्हणाले. "हॉर्न दणदणीत पायजे."

"नाना, आधी ब्रेक बघायचा असतो."

"ब्रेक आपल्यासाठी. हॉर्न दुसऱ्यासाठी. रस्त्यावर दुसरेच जास्त असतात."

मी यादीत ब्रेकच्या खाली हॉर्न लिहून घेतला.

मी पुठ्ठ्याचा नमुना केला. लिफ्टच्या दारातून जायला हवी म्हणून तीन बैठका एकामागे एक ठेवल्या, आगगाडीसारख्या. लगेच घरात प्रश्न उभा राहिला की पुढे कोण बसणार. नाना म्हणाले, विहंग, कारण तो थोरला. तो धवलपेक्षा जेवढा थोरला आहे तेवढ्या वेळात माणसाचं चप्पल घालून होत नाही, पण नानांच्या लेखी थोरला तो थोरला. रोज सकाळी मुलांना तेल लावून न्हाऊ घालायला लंकाबाई येतात. त्या मालीश करता करता म्हणाल्या, "पोरगी पुढं पायजे. लक्ष्मी हाय. पोरांना काय, मागं बसतील गप." संपदा म्हणाली, "मागच्याने काय बघायचं? पुढच्याची मान?"

मग मी मधली बैठक थोडी उंच केली आणि मागची त्याहून उंच, म्हणजे मैदानातल्या पायऱ्यांसारखं झालं. प्रत्येकाला रस्ता दिसणार, आणि जागा रोज बदलायच्या. हा तोडगा मला स्वतःलाच इतका आवडला की मी तो ऑफिसात तीन जणांना समजावून सांगितला. एकाने विचारलं, "पंख कुठे लावणार?" मी तिकडे दुर्लक्ष केलं.

गाडी बनवायचं काम अंबडच्या नवनाथकडे दिलं. त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, हातगाड्या आणि द्राक्षबागेत क्रेट वाहायच्या ट्रॉल्या तो बनवतो. मी नकाशा पसरला. त्याने तो उलटा धरून बघितला, मग सुलटा धरून बघितला आणि म्हणाला, "लय सोपं काम हाय साहेब. ट्रॉलीच हाय ही. द्राक्षाऐवजी लेकरं."

"हलकी हवी बरं का. बाईमाणसाला ढकलता आली पाहिजे."

"फुलासारखी करून देतो."

त्यानंतर मी रोज ओझरहून सुटलो की अंबडला जायचो आणि खोट काढायचो. नवनाथ मान डोलवायचा आणि त्याला हवं तेच करायचा. नकाशात मी चार चाकं काढली होती, त्याने सहा लावली. का, तर लांब गाडी मधे खचू नये म्हणून. मी पातळ नळी सांगितली होती, त्याने चौकोनी पाइप वापरला, जो तो लोखंडी गेटला वापरतो. "साहेब, ही लेकरं मोठी होऊन त्यांची लेकरं यात बसतील," तो अभिमानाने म्हणाला. त्याचा अभिमान बघून मला बोलवेना. शिवाय खरं सांगायचं तर गाडी दिसतही रुबाबदार होती.

टेम्पोतून ती सोसायटीत उतरली तेव्हा निम्मी सोसायटी खाली आली होती. लाल रंग. वर कापडी छत. मागच्या बाजूला नवनाथने न विचारता 'आई सप्तशृंगी प्रसन्न' लिहून घेतलं होतं, त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नव्हतं. पुढच्या बाजूला ट्रकसारखी नावं होती. नाना चष्मा पुसून वाचू लागले.

"विहंग. ढवळ. आभा." ते थांबले. "ढवळ? नातू हाय का बैल हाय माझा?"

टेम्पोबरोबर आलेला नवनाथ ओशाळला. "फोनवर तसंच ऐकू आलं नाना. मागं वेल्डिंग चाललं व्हतं."

'ढ'चा 'ध' आणि 'ळ'चा 'ल' तिथल्या तिथे करून घेतला. मग आम्ही गाडी लिफ्टकडे नेली. दारातून ती झोकात आत गेली. आणि अडली. पुढची चार चाकं लिफ्टमध्ये, मागची दोन बाहेर. मी लिफ्टच्या दाराची रुंदी तीनतीनदा मोजली होती. आत लांबीला किती जागा आहे ते मोजायचं राहिलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "विमान पण बाहेरच उभं असतं ना हो?" त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं असावं असं मी धरून चालतो.

ठरलं असं की गाडी खाली पार्किंगमध्ये राहील आणि मुलांना खाली आणून बसवायचं. पण मुलं बसवण्याआधी मी वजनाची चाचणी घेणार होतो. त्याशिवाय मी साधा नटबोल्टही पास केलेला नाही. नानांनी मार्केटमधून कांदे आणले, आम्ही त्यांच्या तीन गोण्या भरल्या, प्रत्येक गोणी एकेका मुलाच्या वजनाची, आणि पट्टे लावून बैठकांवर बसवल्या. संपदा गॅलरीतून बघत होती.

"कोणती गोणी कोण आहे?" तिने वरून विचारलं.

"मागची आभा," मी म्हणालो.

"तिला नीट बसवा. कलली आहे."

आमच्या पार्किंगपासून गेटपर्यंत उतार आहे. उताराच्या तोंडाशी मी गाडी थांबवली, ब्रेक दाबला, आणि ब्रेक माझ्या हातात आला. हातात आला म्हणजे शब्दशः, दांडीसकट. गाडी पुढे निघाली. कांद्यांनी भरलेली चौकोनी पाइपची गाडी एकदा निघाली की ती कशी जाते, हे ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. नाना बाजूने धावत होते. गाडीला त्यांनी हट्टाने बसवून घेतलेला रबरी भोंगा होता. त्यांनी धावता धावता तो हात घालून दाबला. आवाज असा निघाला की वॉचमन खुर्चीतून उठला, सवयीने त्याने गेट सताड उघडलं आणि गाडीला सलाम केला.

गेटबाहेर समाधानभाऊंची स्कूटर उभी होती. समाधानभाऊ तिच्यावर बसायच्या बेतात होते. आवाज ऐकून ते बाजूला झाले, हे त्यांचं नशीब आणि नानांचा विजय. स्कूटर आडवी झाली. गोण्या फुटल्या. कांदे पार रस्त्यापर्यंत घरंगळत गेले.

"बघ," नाना धापा टाकत म्हणाले. "हॉर्ननेच वाचला माणूस."

शेजारी मदतीला धावले. सगळ्यांनी भराभर कांदे गोळा केले. गोळा केलेले कांदे कुठे गेले ते विचारू नये. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत निदान चार घरांतून कांदाभज्यांचा वास येत होता. आमच्या घरी खिचडी होती.

मी गॅलरीत बसून होतो. मुलं बसली असती तर, हा विचार डोक्यातून जात नव्हता. संपदा येऊन शेजारी बसली. मला वाटलं ती आता म्हणणार की जाऊ दे तो नाद.

"म्हणून तर कांदे बसवले होतेत ना तुम्ही," ती म्हणाली. "ब्रेक दुरुस्त करून घ्या. दोन लावा."

दुसऱ्या दिवशी समाधानभाऊंनी कमिटीची सभा बोलावली. विषय होता, 'आवारात आढळलेले सहाचाकी वाहन'. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. स्कूटरचं मडगार्ड मी सकाळीच सरळ करून दिलं होतं, पण समाधानभाऊ ट्रेझरीत नोकरी करून निवृत्त झालेले, त्यांना मडगार्डने गप्प करता येत नाही.

"देवरेसाहेब, प्रश्न वैयक्तिक नाही," ते म्हणाले. "प्रश्न चाकांचा आहे. आपल्या नियमात दुचाकी आहे, चारचाकी आहे. सहाचाकी म्हणजे जड वाहन. जड वाहनात आपल्याकडे फक्त पाण्याचा टँकर येतो, आणि तोही थांबत नाही."

"पण तिला इंजिन नाही," मी म्हणालो. "ती ढकलायची आहे."

"मग ती हातगाडी झाली. फेरीवाल्यांना आवारात बंदी आहे."

"मी काही विकत नाही हो."

"काल कांदे होते."

सभेत यावर गंभीर चर्चा झाली. खजिनदारांचं मत पडलं की हातगाडीला छत नसतं, त्यामुळे ही टपरी धरावी. एकाने विचारलं की व्हीलचेअरला आपण काय धरतो. त्यावर समाधानभाऊंनी चष्मा काढून कपाळ चोळलं. मी विमानाच्या भागांवर सह्या करणारा माणूस, आणि माझी गाडी टपरी की टँकर हे ठरायची वाट बघत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो.

तेवढ्यात दारात संपदा आली. तिच्या कडेवर विहंग, मागे नानांकडे धवल, लंकाबाईंकडे आभा. ती सरळ समाधानभाऊंपाशी गेली आणि विहंगला त्यांच्या मांडीवर ठेवलं. नानांकडून धवलला घेतलं आणि खजिनदारांना दिलं. आभाला तिने व्हीलचेअरचा मुद्दा काढणाऱ्या गृहस्थांकडे सोपवलं.

"निर्णय होईपर्यंत धरा," ती म्हणाली. "मी आठ महिने धरतेय."

ते ती रागाने म्हणाली नाही. मग ती एका खुर्चीवर बसली, सभेसाठी आलेल्या चहातला एक कप घेतला आणि दोन्ही हातांत धरून प्यायला लागली. चहा गरम होता. तिला गरम चहा पिताना मी किती दिवसांनी बघत होतो ते मला आठवेना. टपरी, टँकर, कांदे, सगळं मी विसरलो आणि तिच्याकडे बघत बसलो.

इकडे विहंगने समाधानभाऊंचा चष्मा काढून घेतला. धवलने खजिनदारांचं पेन तोंडात घातलं, त्यामुळे सभेचं कामकाज लिहायचं थांबलं. आभा मात्र शांत होती. त्या गृहस्थांना वाटलं आपल्याला मुलं सांभाळता येतात, आणि नेमकी तेव्हाच ती रडायला लागली. तिळ्यांचं असं असतं की एक रडलं की बाकीची दोघं कारण विचारत नाहीत. तिघांनी सूर लावला. समाधानभाऊ उभे राहून विहंगला झुलवू लागले, बसले, पुन्हा उभे राहिले. त्यांनी संपदाकडे बघितलं. ती चहा पीत होती.

"गाडीला," समाधानभाऊ आवाज चढवून म्हणाले, कारण त्याशिवाय ऐकूच आलं नसतं, "मुलांचं सामान धरायला कोणाची हरकत आहे का?"

कोणाचीच नव्हती. विहंगने त्यांचं नाक धरलं होतं, आणि त्याच अवस्थेत त्यांनी ठराव मंजूर केला. एक अट मात्र घातली. ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही.

"तपासणी कोण करणार?" खजिनदारांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला सांगावं लागलं की बनवणाऱ्याने आपलंच काम तपासायचं नसतं, आमच्यात तसा नियमच आहे. नियम म्हटल्यावर समाधानभाऊंचा चेहरा पहिल्यांदा माझ्या बाजूने झाला.

"मग मी करतो," ते म्हणाले.

नवनाथने दोन नवे ब्रेक बसवले, आणि गाडी सुटली तरी हाताला बांधलेली राहावी म्हणून एक जाड पट्टाही लावला. पुन्हा कांदे आणले, या वेळी गोण्या घट्ट शिवून. समाधानभाऊ उताराच्या खाली, गेटच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"सोडा," ते म्हणाले. "माझ्यापर्यंत आली नाही तर पास."

मी नको म्हणालो. ते हलेनात. स्वतःच्या अंगावर घेतल्याशिवाय सही करायची नाही, असं त्यांचं म्हणणं. या माणसाबद्दल मी मनात आजवर जे जे बोललो होतो, त्यातलं निम्मं मी त्या क्षणी परत घेतलं. मी गाडी सोडली, पट्टा हातात धरून धावलो आणि अर्ध्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबले. गाडी कुरकुरली आणि थांबली. समाधानभाऊंनी डोळे उघडले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पास." त्यांचा आवाज जरा कापरा होता, आणि माझाही असता.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी आम्ही निघालो. लंकाबाईंनी तिघांच्या कानामागे तीट लावली आणि चौथी गाडीला लावली. नानांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. त्या दिवशी पुढची जागा आभाची होती. टोपी कपाळावर ओढून ती अशी बसली होती की जणू गाडी तिने काढली आहे आणि आम्हाला सोबत घेतलं आहे. मी ढकलत होतो. नाना पुढे चालत होते आणि रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याला बाजूला व्हायला सांगत होते. संपदाने ठेवणीतला मोरपंखी ड्रेस घातला होता.

गंगापूर रोडला लागलो आणि माणसं थांबायला लागली. दुधाची पिशवी घेतलेले थांबले, फिरायला निघालेले थांबले, एका फुलवाल्या बाईने हातातला गजरा तसाच ठेवला.

"तिन्ही तुमचीच?"

"एकदमच झाली?"

"रडतात कशी, पाळीपाळीने की एकत्र?"

"कसं सांभाळता हो तुम्ही?"

हे सगळं मला विचारत होते, कारण दांडी माझ्या हातात होती. मी उत्तरं देत होतो. मधे मी चौकोनी पाइपचा विषयही काढून बघितला, पण गाडीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. एक बाई थांबून कौतुकाने म्हणाल्या, "बाबा किती करतात नाही मुलांचं."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. छाती थोडी पुढेही आली. मग मी संपदाकडे बघितलं. ती वाकून धवलचा मोजा घालत होती, जो तो घरापासून काढत आला होता. तिने काही ऐकलं असं दाखवलं नाही. रात्रीचं उठणं, एकाला पाजताना पायाने दुसऱ्याचा पाळणा हलवणं, तिघांच्या तीन वेगळ्या खोकल्यांवरून अंधारात कोण खोकलं ते ओळखणं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. आणि कौतुक मी घेऊन बसलो होतो.

"बाबा आज पहिल्यांदा गाडी ढकलतायत," मी त्या बाईंना म्हणालो. "करते ती."

बाईंनी संपदाकडे बघितलं. संपदा उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

"रस्ता ओलांडायचाय. मी पलीकडे नेऊन देतो, मग घे."

"नको. मी नेते. तुम्ही नानांजवळ थांबा."

मी पट्टा तिच्या मनगटाला बांधला. दोन्ही ब्रेक दाखवले, जे तिला माझ्याहून चांगले माहीत होते. तिने गाडी वळवली आणि रस्त्यात घातली.

गंगापूर रोडवर सकाळीही वाहनं थांबत नाहीत. तिथे सिग्नलला थांबणाऱ्याकडे मागचे लोक संशयाने बघतात. पण संपदा गाडी घेऊन उतरली आणि आधी एक रिक्षा थांबली, मग तिच्या मागची बस, मग दुसऱ्या बाजूने येणारा भाजीचा टेम्पो. कोणी हॉर्न वाजवला नाही. तिने घाई केली नाही. पाठ ताठ ठेवून, दोन्ही हातांनी दांडी धरून ती मधोमध चालत गेली. रिक्षावाला मान बाहेर काढून तिघांना मोजत होता. आभाने त्याच्याकडे बघून हात हलवला, किंवा ती माशी हाकलत असेल, पण रिक्षावाल्याने उलट हात हलवला.

संपदा पलीकडे पोचली आणि वाहनं पुन्हा धडाधड सुरू झाली. नाना आणि मी अलीकडेच राहिलो, दुपट्यांच्या पिशवीसकट. तिकडे ट्रॅकच्या तोंडाशी तिच्याभोवती बायकांचा घोळका जमला होता. ती काय बोलते ते ऐकू येत नव्हतं, पण ती हातांनी एकेकाची ओळख करून देत होती, हे दिसत होतं. मग ती हसली. घोळक्यातून गाडी काढून ती ट्रॅकवर चालू लागली, आणि झाडांमागून लाल छत तेवढं दिसत राहिलं.

एक फेरी झाली. ती ट्रॅकच्या फाटकाशी आली. मी हात केला. तिने तिघं झोपल्याची खूण केली, गाल हातावर टेकवून, आणि मग बोटाने हवेत एक गोल काढला. आणखी एक फेरी. उत्तराची वाट न बघता ती वळली.

आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो. शेजारी फिरायला आलेले एक वयस्कर गृहस्थ कंबरेवर हात ठेवून पलीकडे बघत होते.

"केवढी गोड पोरं आहेत," ते नानांना म्हणाले. "तुमची नातवंडं का हो?"

नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि झाडांमागच्या लाल छताकडे बघत राहिले.

"ती गाडी नेतीय ना," ते म्हणाले, "ती सून हाय आमची."